नेमाची कविता

आपल्याकडे ‘कविता पाडणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. जिलब्या पाडाव्यात तशी कविता! कोणी रोज ठरावीक वेळी लिहायला बसतो असे कळले, की आपण हसून तो वापरतो. कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना तो माझ्याही वाट्याला आला. कवितांची वही घेऊन मी एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडे गेलो होतो. त्यांनी पाने चाळली, प्रत्येक पानावरची तारीख पाहिली आणि म्हणाले, “रोज एक? अरे, कविता होते, ती पाडत नसतात.” मी वही मिटली, ती पुढे वीस वर्षे उघडली नाही. आता वर्गातली मुले मला विचारतात, “सर, विषय देऊन कधी कविता होते का?” या प्रश्नाला थट्टेने उत्तर देणे मला जमत नाही. आपल्या वाङ्मयाचा इतिहास काय सांगतो ते पाहणे बरे.

तर हा विषय देण्याचा खेळ फार जुना आहे. संस्कृतात त्याला समस्यापूर्ती म्हणत. श्लोकाचा शेवटचा चरण द्यायचा, तोही शक्य तितका चमत्कारिक, आणि कवीने आधीचे तीन चरण असे रचायचे की त्या वेड्यावाकड्या चरणाला अर्थ यावा. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत या कलेची गणना आहे. भोजराजाच्या नावावर एक गोष्ट सांगतात, तीत दिलेला चरण म्हणजे नुसता ठणठणाट, शब्द असा एकही नाही. कवीने काय केले? राजाच्या अभिषेकाच्या गडबडीत एका तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटली आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून गडगडत गेली, तिचा हा आवाज, असे म्हणून त्याने श्लोक पुरा केला! आपल्या तमाशातले सवाल-जवाब आणि कलगी-तुऱ्याचे सामने याच जातीचे. समोरच्या फडाने कोडे टाकले, की डफ थांबण्याच्या आत जवाब तयार पाहिजे.

पण हा झाला सभेतला खेळ. रोजच्या रोज, कोणी समोर नसताना, स्वतःच स्वतःला कोडे घालणारा माणूस पाहायचा तर पुण्याहून बारामतीला जावे लागते. मोरोपंत (१७२९–१७९४) तिथे बाबूजी नाइकांच्या आश्रयाला होते. पुराण सांगणे हे त्यांचे काम. म्हणजे तीच कथा पुन्हा पुन्हा श्रोत्यांपुढे मांडायची. पंतांनी एकशे आठ रामायणे लिहिली असे सांगतात, आणि त्यांतल्या पुष्कळांत एकेक नवी अट स्वतःवर लादून घेतली. मंत्ररामायणात रामनामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे क्रमाने गुंफली. निरोष्ठ रामायणात ओठाला ओठ लागेल असे अक्षरच घ्यायचे नाही. आता बघा, ‘म’ ओष्ठ्य. म्हणजे ज्या काव्याचा नायक राम, त्यात ‘राम’ म्हणायची सोय नाही, आणि लक्ष्मणाचीही तीच गत!

ही शब्दांची कसरत आहे, हे मी मान्य करतो. त्यांतली बहुतेक रामायणे आज कोणी वाचत नाही, आणि न वाचल्याने फार मोठी हानी होते असेही मी म्हणणार नाही. परंतु याच पंतांनी उतारवयात ‘केकावली’ लिहिली. तिथे भक्त देवापाशी रडतो, रुसतो, वाद घालतो, आणि पृथ्वीसारखे अवघड वृत्त कुठे आडवे येत नाही. हात इतका तयार झाला होता, की मन मोकळे सोडता आले. तो हात कुठे तयार झाला, हे त्या न वाचल्या जाणाऱ्या रामायणांना विचारावे.

पुढे केशवसुतांपासून (१८६६–१९०५) आपण स्फूर्तीची भाषा बोलू लागलो आणि नेम कमी दर्जाचा ठरला. खुद्द केशवसुतांनी मात्र सॉनेटचे चौदा ओळींचे बंधन मराठीत आणले, हे आपण सोयीने विसरतो. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, रानडे दांपत्य ही मंडळी रविवारी चहाला जमत आणि कविता वाचून दाखवीत. रविवार आला, की हातात काहीतरी हवे! या मंडळींची थट्टाही पुष्कळ झाली. आचार्य अत्र्यांनी तर तिचे पुस्तकच केले.

आणि मग शुक्रवार. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले. तिथल्या सीताकांत लाडांनी ग. दि. माडगूळकरांना काहीतरी सलग लिहायला सांगितले, आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, सकाळी पावणेनऊला ‘गीतरामायण’ सुरू झाले. आठवड्याला एक गाणे, वर्षाची बावन्न. पण त्या वर्षी अधिक महिना आला, तेव्हा पुढच्या रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६ पर्यंत पोहोचायला चार गाणी जास्त लागली. कवीची प्रतिभा राहू द्या, पंचांगानेच चार गाणी लिहून घेतली!

विषय वाल्मीकींनी ठरवलेला, वार केंद्राने ठरवलेला. माडगूळकरांपुढे दर आठवड्याला प्रश्न उरे तो एवढाच, की या वेळी बोलणार कोण? कधी कौसल्या, कधी भरत, कधी शूर्पणखा, कधी हनुमान. एका गाण्यापुरते त्या माणसाच्या अंतःकरणात शिरायचे आणि बाहेर यायचे. गाणे लिहून झाले की सुधीर फडक्यांची चाल, मग तालीम, मग प्रक्षेपण. एका गीताचा कागद ऐन वेळी सापडेना, तेव्हा माडगूळकरांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतले, अशी आठवण सांगितली जाते. स्फूर्तीची वाट पाहायला तिथे वेळ कुणाला होता? छप्पन्न गाण्यांपैकी सगळी सारख्या उंचीची नाहीत, पण शुक्रवार एकही रिकामा गेला नाही. नेम नसता तर उत्तम गाणी तेवढी झाली असती आणि मधली गळली असती, असे म्हणता येईल का? मला नाही वाटत. मधल्या गाण्यांच्या पायऱ्या चढूनच ती उत्तम गाणी आली.

हल्ली मी सोमवारच्या तासाला फळ्यावर एक शब्द लिहितो आणि दहा मिनिटे देतो. मागच्या खेपेला ‘पागोळी’ लिहिला. दोघांनी अर्थ विचारला. फ्लॅटमध्ये वाढलेली मुले, त्यांचा काय दोष! शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने आजीच्या घराच्या पन्हळीखाली ठेवलेल्या कळशीवर चार ओळी लिहिल्या, त्या चांगल्या होत्या. मीही लिहायला बसलो होतो. माझी कविता साफ फसली. तशीच वहीत उतरवून घेतली आणि वर तारीख घातली.