दोनदा ‘साभार परत’ : लाम्पेदूझा आणि ‘इल गात्तोपार्दो’

विसाव्या शतकातील इटालियन कादंबरीचा विचार ज्या पुस्तकाला वगळून करता येत नाही, ते ‘इल गात्तोपार्दो’ (इंग्रजी वाचकांना ‘द लेपर्ड’ या नावाने परिचित) लेखकाच्या हयातीत प्रसिद्धच झाले नाही. त्याच्या वाट्याला आली ती नकाराची दोन पत्रे. दुसरे पत्र हाती पडले तेव्हा त्याच्या आयुष्याचे अवघे काही दिवस उरले होते. पुढे या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या, त्याला इटलीतला मानाचा पुरस्कार मिळाला, त्यावरील चित्रपट जगभर गाजला. त्यामुळे ‘अडाणी प्रकाशक आणि उपेक्षित प्रतिभावंत’ अशा ठरीव साच्यात ही हकीकत सांगण्याचा मोह अनेकांना होतो. प्रत्यक्षात ती इतकी सोपी नाही, कारण नकार देणारा माणूस अडाणी तर नव्हताच, उलट त्या काळच्या इटलीतील सर्वांत जाणत्या संपादकांपैकी एक होता.

जुझेप्पे तोमाझी दी लाम्पेदूझा याचा जन्म २३ डिसेंबर १८९६ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो शहरात झाला. घराणे सरदारांचे. लाम्पेदूझाचा प्रिन्स आणि पाल्माचा ड्यूक असे किताब वडिलांच्या मागे त्याच्याकडे आले, पण जमीनजुमला मात्र वाटण्या आणि कोर्टकज्जे यांत बव्हंशी विरून गेला होता. पहिल्या महायुद्धात तो लढला, शत्रूच्या हाती सापडला, हंगेरीतील युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटला. १९३२ मध्ये लाटव्हियातील रीगा येथे त्याने अलेक्सांद्रा वोल्फ हिच्याशी विवाह केला. बाल्टिक जर्मन उमराव घराण्यातील ही विदुषी इटलीतील आरंभीच्या मनोविश्लेषकांपैकी एक होती. लाम्पेदूझाने मात्र रूढ अर्थाने नोकरी वा व्यवसाय असा कधी केला नाही. तो वाचत असे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन वाङ्मय मूळ भाषांतून, अफाट वाचत असे.

५ एप्रिल १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी पालेर्मोवर केलेल्या बॉम्बवर्षावात त्याचा वडिलोपार्जित प्रासाद उद्ध्वस्त झाला. ज्या घरात जन्मलो त्याच घरात मरावे अशी मनीषा बाळगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा आघात केवळ आर्थिक नव्हता. युद्धानंतर त्याचा दिनक्रम ठरून गेला. सकाळी घराबाहेर पडायचे, मिठाईच्या दुकानात न्याहारी करायची, पुस्तकांच्या दुकानांतून फिरायचे, पुस्तके आणि खाद्यपदार्थ एकाच चामडी पिशवीत कोंबायचे आणि ‘माझारा’ नावाच्या कॅफेत तासन्‌तास बसून राहायचे. १९५३ च्या अखेरीपासून त्याने काही तरुणांना घरी बोलावून इंग्रजी वाङ्मय शिकवण्यास प्रारंभ केला. फी नव्हती, परीक्षा नव्हती. पुढे समीक्षक म्हणून नावारूपाला आलेला फ्रांचेस्को ओर्लांदो हा त्यांतलाच. या पाठांसाठी लाम्पेदूझाने शेकडो पाने टिपणे लिहून काढली. लेखणीला वळण लागले असेल तर ते याच काळात.

खरा धक्का मिळाला तो १९५४ च्या उन्हाळ्यात. त्याचा मावसभाऊ लुचिओ पिक्कोलो हाही सिसिलीतला असाच एकांतप्रिय सरदार. त्याने आपल्या कवितांची एक छोटी पुस्तिका खासगीरीत्या छापून थोर कवी एउजेनिओ मोंताले याच्याकडे धाडली होती. पाकिटावर तिकिटे अपुरी होती. मोंतालेला टपालाचे १८० लिरे पदरचे भरावे लागले. एवढा भुर्दंड बसलाच आहे तर वाचून तरी पाहू, म्हणून त्याने पुस्तिका उघडली आणि तो प्रभावित झाला, असे त्यानेच पुढे सांगितले. उत्तर इटलीतील सान पेल्लेग्रिनो येथे भरलेल्या साहित्यसंमेलनात त्याने पिक्कोलोचा परिचय करून दिला. सोबत एक नोकर आणि एक उंच, स्थूल, अबोल गृहस्थ आला होता. तो लाम्पेदूझा. संमेलनात तो जवळपास कोणाशीच बोलला नाही. तेथे उपस्थित असलेल्या जॉर्जो बास्सानी या तरुण लेखकाच्या स्मरणात मात्र ही मूक आकृती राहिली.

ज्यांची नावे आजवर केवळ पुस्तकांच्या वेष्टनांवर पाहिली होती असे साहित्यिक लाम्पेदूझाने तेथे जवळून पाहिले आणि त्यांचा दरारा ओसरला. आपण लुचिओपेक्षा अधिक मूर्ख नाही याविषयी आपली खात्री पटली, अशा आशयाचे त्याने नंतर एका मित्राला कळवले. १९५४ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो लिहू लागला.

कथावस्तू पंचवीस वर्षांपासून मनात घोळत होती. मे १८६०. गारिबाल्दीचे स्वयंसेवक सिसिलीत उतरले आहेत आणि जुनी राजवट कोसळते आहे. खगोलशास्त्राचा नाद असलेला सालिनाचा प्रिन्स डॉन फाब्रित्सिओ हे सारे पाहतो आहे. लाम्पेदूझाचा पणजोबा खरोखरच हौशी खगोलशास्त्रज्ञ होता. त्याच्यावरून हे पात्र बेतलेले आहे. प्रिन्सचा धूर्त, देखणा भाचा तान्क्रेदी नव्या वाऱ्याबरोबर जातो आणि नवश्रीमंत महापौराच्या कन्येशी लग्न करतो. सरदारकीचा अस्त आणि पैशाचा उदय या एका सोयरिकीत सामावतो. आरंभी एकाच दिवसाची कथा सांगण्याचा लेखकाचा बेत होता, तो मागे पडला. पूर्ण झालेली कादंबरी आठ भागांत १८६० पासून १९१० पर्यंत येते. तीत घटना थोड्या आहेत. कथनकार मध्येच विसाव्या शतकात डोकावतो, भाष्य करतो, उपरोधाने हसतो. नेमकी हीच गोष्ट पुढे आक्षेपाचे कारण ठरली.

पूर्ण झालेले भाग ओर्लांदोने टंकलिखित केले आणि मे १९५६ मध्ये ते मिलानच्या ‘मोंदादोरी’ या बड्या प्रकाशनसंस्थेकडे रवाना झाले. त्याच वर्षी पिक्कोलोच्या कविता मोंतालेच्या प्रस्तावनेसह तेथून प्रसिद्ध होत होत्या, तेव्हा वाट परिचयाची होती. संस्थेच्या साहित्यविषयक सल्लागारांत एलिओ व्हित्तोरिनी होता. डिसेंबरमध्ये नकार आला. त्याच महिन्यात लाम्पेदूझाने दूरच्या नात्यातील आपला विद्यार्थी जोआक्कीनो लान्झा याला रीतसर दत्तक घेतले. उरलेले भाग लिहिण्याचे काम नकारानंतरही थांबले नाही, ही बाब विशेष नोंदवण्याजोगी आहे. पुस्तकातील नृत्यसमारंभाचे प्रसिद्ध प्रकरण याच उत्तरकाळातले.

पालेर्मोतील एका ग्रंथविक्रेत्याने मग टंकलिखित तुरीनच्या ‘एइनाउदी’कडे पाठवले. तेथील ‘जेत्तोनी’ या मालेचा संपादक कोण? पुन्हा व्हित्तोरिनीच. एकाच माणसाच्या मेजावर एकच पुस्तक दोन संस्थांच्या दारांतून यावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

व्हित्तोरिनी हाही सिसिलीचाच, सिराक्यूज येथे जन्मलेला. रेल्वे कर्मचाऱ्याचा हा मुलगा स्वतःच्या बळावर शिकला, फॅसिझमविरोधी लढ्यात उतरला, अमेरिकन कादंबरीचे दार त्याने इटालियन वाचकांसाठी उघडले. सिसिलीवरील त्याची स्वतःची कादंबरी एका पिढीने डोक्यावर घेतली होती. ‘जेत्तोनी’ माला त्याने नव्या, प्रयोगशील लेखकांसाठी चालवली होती. फेनोल्यो, काल्व्हिनो अशांची पुस्तके तीत आली. महायुद्धोत्तर इटलीत साहित्याने आजच्या समाजाशी भिडावे, नवी भाषा घडवावी, अशी त्याची आग्रही धारणा होती. अशा वाचकापुढे एका वयस्क प्रिन्सने लिहिलेली, प्रिन्सविषयीची, एकोणिसाव्या शतकात रमलेली कादंबरी आली. २ जुलै १९५७ च्या पत्रात त्याने पुस्तकाचे गांभीर्य आणि प्रामाणिकपणा मान्य केला, पण त्याची धाटणी जुनाट वाटू शकेल आणि काही ठिकाणी ते निबंधाकडे झुकते, असे नोंदवून ते परत केले. पहिल्या वेळीही त्याने मोंदादोरीला या लेखकावर नजर ठेवण्याविषयी सुचवले होते, परंतु कार्यालयाने त्याचे रूपांतर साध्या नकारात केले, असे पुढे उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून दिसते. व्हित्तोरिनीने पुस्तक वाचले नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही. त्याने ते नीट वाचले आणि आपल्या निष्ठांना अनुसरून नाकारले. संपादकाला स्वतःची ठाम अभिरुची असावी असे आपण म्हणतो, तिची ही दुसरी बाजू.

लाम्पेदूझाला वसंत ऋतूतच फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. उपचारांसाठी तो रोमला गेला. पत्र त्याला मिळाले. परीक्षण म्हणून ते वाईट नाही, पण प्रकाशन मात्र नाही, अशी काहीशी त्याची प्रतिक्रिया होती. मृत्यूपूर्वी लिहून ठेवलेल्या पत्रांत त्याने कादंबरी प्रसिद्ध व्हावी यासाठी शक्य ते प्रयत्न करावेत अशी इच्छा व्यक्त केली आणि एक अट घातली. वारसांनी पदरमोड करून ती छापू नये, तो आपल्याला मोठा अपमान वाटेल. पैसे देऊन पुस्तक छापून घेण्याचा मार्ग त्याही काळी खुला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या अटीचा करारीपणा जाणवतो. २३ जुलै १९५७ रोजी त्याचे निधन झाले.

कादंबरीची एक प्रत मात्र वेगळ्याच वाटेने निघाली होती. अलेक्सांद्राकडे मनोविश्लेषणासाठी येणाऱ्या एका अभियंत्यामार्फत ती तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे याची कन्या एलेना हिच्या रोममधील घरी पोहोचली. प्रतीवर लेखकाचे नाव नव्हते. ती बराच काळ तशीच पडून राहिली. १९५८ च्या आरंभी ‘फेल्त्रिनेल्ली’ या नव्या प्रकाशनसंस्थेसाठी एक कादंबरीमाला संपादित करणाऱ्या बास्सानीने एलेनाकडे चांगल्या हस्तलिखितांची चौकशी केली, तेव्हा तिने ही प्रत त्याला दिली. काही पाने वाचताच आपल्या हाती काय आले आहे हे त्याने ओळखले. लेखकाचा शोध घेता घेता कळले की हा तर सान पेल्लेग्रिनोचा तो मुका प्रिन्स, आणि तो आता हयात नाही. बास्सानी तातडीने पालेर्मोला गेला, विधवेची भेट घेतली आणि टंकलिखितात नसलेला मजकूर मिळवला.

नोव्हेंबर १९५८ मध्ये पुस्तक बाहेर पडले. साम्यवादी विचारांच्या जानजाकोमो फेल्त्रिनेल्लीने वर्षभरापूर्वीच पास्तरनाकचे ‘डॉक्टर झिवागो’ जगात प्रथम प्रसिद्ध केले होते. आता त्याच्याच संस्थेतून एका सरदाराची कादंबरी येत होती. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. लाखाचा पल्ला ओलांडणाऱ्या आरंभीच्या इटालियन कादंबऱ्यांत तिची गणना होते. १९५९ मध्ये तिला ‘स्त्रेगा’ पुरस्कार मिळाला. स्पर्धेत पाझोलिनीचीही कादंबरी होती.

वाद मात्र शमला नाही. व्हित्तोरिनी आपल्या मतावर ठाम राहिला. मोराव्हियासारख्या नामवंतांनी नापसंती दर्शवली. इतिहासात काहीच बदलत नाही असे सुचवणारे हे प्रतिगामी पुस्तक आहे, असा डाव्या समीक्षकांचा सूर होता. सिसिलीचाच लेखक लेओनार्दो शाशा यालाही त्यातले सिसिलीचे चित्र प्रारंभी पटले नाही. या गदारोळात फ्रान्समधून आवाज आला तो कट्टर साम्यवादी कवी लुई आरागाँ याचा. त्याने ही कादंबरी थोरांत जमा केली आणि एका वर्गाच्या ऱ्हासाचे यापेक्षा निर्दय चित्रण दुसरे नाही, अशी बाजू मांडली. इटलीतील डाव्यांची त्यामुळे चांगलीच पंचाईत झाली. पुढे स्वतः सरदार आणि स्वतः साम्यवादी असलेल्या लुकिनो व्हिस्कोंतीने तिच्यावर चित्रपट काढला. बर्ट लँकेस्टर, आलाँ देलाँ आणि क्लाउदिया कार्दिनाले यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटाने १९६३ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक पटकावले. वरवर सारे बदलून सत्ता जिथल्या तिथे राखण्याच्या राजकारणाला इटालियनमध्ये ‘गात्तोपार्दिस्मो’ असे नावच पडले. व्हित्तोरिनी १९६६ मध्ये वारला. त्याच्या मोठ्या वाङ्मयीन कार्यापेक्षा हा एक नकारच अनेकांच्या ध्यानात राहिला आहे, आणि तो त्याच्यावरील अन्याय आहे.

प्रकाशनानंतर दहा वर्षांनी या कथेला आणखी एक फाटा फुटला. १९६८ मध्ये कार्लो मुशेत्ता या अभ्यासकाने दाखवून दिले, की बास्सानीने छापलेली संहिता आणि लेखकाचे १९५७ चे हस्तलिखित यांत शेकडो ठिकाणी फरक आहेत. त्यांपैकी बहुतेक विरामचिन्हांचे आणि किरकोळ शब्दांचे असले तरी प्रश्न विश्वासाचा होता. ज्या संपादकाने पुस्तक वाचवले त्यानेच त्याला हात लावला काय? १९६९ मध्ये फेल्त्रिनेल्लीने हस्तलिखिताबरहुकूम नवी आवृत्ती काढली आणि नंतरच्या इटालियन आवृत्त्यांना तीच आधारभूत ठरली. इंग्रजी वाचकांना मात्र आर्चिबाल्ड कोहून याने १९६० मध्ये बास्सानीच्या संहितेवरून केलेला अनुवादच दीर्घकाळ परिचित राहिला.

लाम्पेदूझाचे उरलेले लेखन एका छोट्या पुस्तकात मावते: बालपणीच्या आठवणी, मत्स्यकन्येची एक अद्भुत कथा आणि अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या कादंबरीचे पहिले प्रकरण. इंग्रजीत हे पुस्तक १९६२ मध्ये आले तेव्हा त्याला ई. एम. फॉर्स्टरने प्रस्तावना लिहिली. वाङ्मयाच्या तासांसाठी काढलेली टिपणेही कालांतराने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हे कागद सांभाळण्याचे आणि संपादित करण्याचे काम दत्तक पुत्र जोआक्कीनो लान्झा तोमाझी याने २०२३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत केले. पालेर्मोच्या समुद्राकाठी, बुतेरा रस्त्यावरील ज्या घरात लाम्पेदूझाची अखेरची वर्षे गेली, तेथेच त्याचे वास्तव्य होते.