मोजणीचे मोल

दुर्ग जिल्ह्यातील मरोदा हे गाव जागचे हलले नाही; परंतु १९५१ साली त्याची शिरगणती झाली तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती, १९६१ साली भोपाळ झाली, आणि २००१ साली रायपूर. पहिल्या दोन गणनांच्या मधल्या दहा वर्षांत याहूनही मोठी उलथापालथ झाली. १९५५ साली सोव्हिएट रशियाशी करार होऊन शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. जेथे पटवाऱ्याला घर अन् घर तोंडपाठ असे, तेथे आता सेक्टर, वसाहती आणि मजुरांच्या झोपड्या आल्या. माणसे मोजण्याचे काम अशा ठिकाणी खर्चाचे होते. तो खर्च आपल्या देशाने कसा भागविला, हे पाहण्यासारखे आहे.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि १८६६ सालीच तेथे शिरगणती झाली. साऱ्या हिंदुस्थानची एकाच वेळी गणना व्हावयास १८८१ साल उजाडले. त्या काळच्या गणना स्वस्तात पार पडत, याचे रहस्य साधे होते. घरोघर फिरणारा प्रगणक बहुधा बिनपगारी असे. पटवारी, कोतवाल, शाळामास्तर यांनी आपले नेहमीचे काम सांभाळून हेही करावयाचे. सरकारी हिशेबात जी बचत दिसे, ती या माणसांच्या पायपिटीतून झालेली असे.

खरा पैसा लागे तो मोजणीनंतरच्या वर्गवारीला. १९०१ साली आयुक्त रिस्ले यांच्या कारकिर्दीत बव्हेरियातील पद्धत उचलून प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी करण्यात आली. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळे. मग कारकुनांनी चिठ्ठ्या निरनिराळ्या खणांत टाकावयाच्या आणि गठ्ठे मोजावयाचे. ही काटकसर बुद्धीची होती. तिने कुणाचे नुकसान केले नाही.

१९४१ ची काटकसर मात्र निराळी. आयुक्त यीट्स यांनी एका रात्रीत मोजणी करण्याची जुनी रीत सोडली आणि माहिती थेट चिठ्ठ्यांवरच लिहून घेतली. एवढे ठीक होते. परंतु महायुद्धाच्या खर्चामुळे सरकारने पुढील वर्गवारीला पैसाच दिला नाही. कोट्यवधी माणसांची माहिती हाती येऊनही तिची बहुतेक कोष्टके झाली नाहीत. दर पन्नासावी चिठ्ठी नमुन्यादाखल वेगळी राखली होती, म्हणून पुढे वयोमानाचे काही तक्ते तरी तयार करता आले. शेत पेरून, राखण करून, मळणीच्या वेळी हात आखडावा, तसाच हा प्रकार झाला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने गणनेला कायमचा आधार मिळाला. २०११ च्या गणनेला सुमारे २,२०० कोटी रुपये लागले आणि २७ लाख कर्मचारी राबले. माणशी हिशेब केला तर हा खर्च १८ रुपये १९ पैसे पडतो. दहा वर्षांवर वाटला तर वर्षाला दोन रुपयेही नाहीत.

मग न मोजण्याचा खर्च किती? २०२१ ची गणना महामारीमुळे लांबली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार स्वस्त धान्य किती लोकांना द्यावयाचे, हे २०११ च्या आकड्यांवरून ठरविण्यात आले. पुढे लोकसंख्या वाढली, तरी हिशेबाचा पाया तोच राहिला. वाढलेल्या माणसांना वाट्यात जागा नाही. ही तूट कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, ती चुलीपाशी दिसते.

२०२७ च्या गणनेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२५ मध्ये ११,७१८ कोटी रुपये मंजूर केले, आणि वहीऐवजी मोबाईलवर माहिती भरण्याचे ठरले. रक्कम मोठी आहे. तिचा चोख हिशेब मागणे हा आपला हक्कच आहे. परंतु इतिहास सांगतो की गणनेचा खर्च कधी टळत नाही. खजिन्याने तो दिला नाही, तर पूर्वी पटवाऱ्याने आपल्या पायांनी दिला. आणि आज तो, ज्याचे नाव यादीत चढलेच नाही असा एखादा मजूर, आपल्या वाट्याच्या धान्याने देत असतो.