रविवारचा डोंगर

दौंडची भीमा आणि शिरूरची घोड, दोन्ही नद्या भीमाशंकरकडच्या सह्याद्रीत उगम पावतात. तिकडे आषाढात पावसाची झड आणि दाट धुके, इकडे आपले पर्जन्यछायेतले कोरडे माळ. तेव्हा तरुण मंडळींनी शनिवारी रात्री गाडी धरून डोंगरात भिजायला, मुक्कामाला जावे, हे साहजिकच आहे. मात्र घोंगडी-भाकरीच्या आधी गाठीला मोकळा रविवार लागतो. आणि तो कोणी दान दिलेला नाही.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज झाला. त्यात आठवड्याच्या सुट्टीची मागणी होती. सहा वर्षे दाद लागली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तेथे बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

आजही रांजणगाव-कुरकुंभकडे ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर राबणाऱ्याला सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. पगारी रविवार त्याच्या पदरात पडेल, तेव्हाच भीमेचा उगम त्यालाही पाहता येईल.