अळिंबी लागवड व तणनाशकांची विषाक्तता : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

अळिंबी लागवड आणि तणनियंत्रण हे कृषिसंशोधनाचे दोन स्वतंत्र विषय मानले जातात. पहिला वनस्पतिरोगशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राच्या कक्षेत येतो, तर दुसरा कृषिविद्येच्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र दोहोंचा आरंभ एकाच शेतात होतो. ज्या पिकात तणनाशक फवारले जाते, त्याच पिकाचे काड पुढे अळिंबीच्या पिशवीत भरले जाते. प्रस्तुत निबंधात या दोन संशोधनप्रवाहांच्या विकासाचा व त्यांच्या परस्परसंबंधाचा मागोवा घेतला आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, मुख्यत्वे पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरा खोऱ्यात उसाच्या शेतीला आधार मिळाला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणी येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. बागायतीबरोबर तणांचा प्रश्नही वाढला. हराळी व लव्हाळा ही तणे खुरपणीने समूळ नष्ट होत नाहीत. त्यांत १९५५ साली पुण्यात प्रथम नोंदल्या गेलेल्या गाजरगवताची भर पडली. खुरपणीचे काम प्रामुख्याने स्त्री मजुरांवर अवलंबून होते. मजुरीचा खर्च वाढत गेला, तसा तणनाशकांचा स्वीकारही वाढला.

१९६८ साली राहुरीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना झाली व पुढे त्यास महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी देशात कीटकनाशक अधिनियम संमत झाला. तणनाशकांची नोंदणीही याच कायद्याखाली होते.

दोन प्रवाह

भारतात भाताच्या पेंढ्यावरील अळिंबीचे प्रयोग १९४०च्या दशकात कोइमतूर येथे झाले. १९६२ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील बानो व श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळिंबीची लागवड यशस्वी केली. १९७४ साली जंदाईक यांनी हिमालयाच्या पायथ्याशी आढळलेल्या 'साजोर-काजू' या धिंगरीची लागवड करून दाखविली. या नावाने लागवडीत असलेली बुरशी प्रत्यक्षात 'प्ल्युरोटस पल्मोनॅरिअस' ही जाती असल्याचे पुढे वर्गीकरणशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९८३ साली सोलन येथे राष्ट्रीय केंद्र व अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्प सुरू झाला. या प्रकल्पाचे एक केंद्र पुणे कृषी महाविद्यालयात असून हे महाविद्यालय राहुरी विद्यापीठाच्या कक्षेत येते. अशा रीतीने अळिंबीचे शास्त्र या जिल्ह्याच्या विद्यापीठाशी संस्थात्मक दृष्ट्या जोडले गेले.

तणनियंत्रणाचा समन्वित प्रकल्प त्यापूर्वीच, १९७८ साली, सुरू झाला होता व १९८९ साली जबलपूर येथे तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. म्हणजेच दोन्ही विषयांची राष्ट्रीय रचना स्वतंत्र राहिली. तणशास्त्राच्या दृष्टीने पीक काढणीबरोबर प्रयोग संपतो. अळिंबीशास्त्राच्या दृष्टीने प्रयोग त्याच काडापासून सुरू होतो. या दोहोंमधील सांधा दुर्लक्षित राहण्याचे हे एक कारण होय.

विषाक्ततेचा प्रश्न

तणनाशक वनस्पतींसाठी असते, तेव्हा बुरशीला त्याची बाधा का व्हावी, अशी शंका साहजिक आहे. तिचे उत्तर रसायनागणिक बदलते. ॲट्राझिन प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणते आणि बुरशीत ती क्रियाच नसते. २,४-डी हे वनस्पतींच्या वाढसंप्रेरकाची नक्कल करते. ग्लायफोसेट मात्र सुगंधी अमिनो आम्लांच्या निर्मितीतील जे विकर रोखते, ते बुरशीतही आढळते. म्हणून 'तणनाशक बुरशीला निरुपद्रवी' हे सरसकट विधान शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही.

ही बाधा मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे विषमिश्रित माध्यम पद्धत. पोषक माध्यमात रसायनाच्या वेगवेगळ्या मात्रा मिसळून कवकजालाच्या वर्तुळाकार वाढीचा व्यास मोजतात. रसायनविरहित थाळीशी तुलना करून व्हिन्सेंट यांनी १९४७ साली मांडलेल्या सूत्राने वाढीतील घट टक्केवारीत काढतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हा प्रयोग शक्य आहे. मात्र थाळीतील वाढ व काडावरील उत्पादन या भिन्न बाबी आहेत. काडात लिग्निन असते, सेंद्रिय पदार्थ रसायन धरून ठेवतो आणि बुरशी स्वतः विकरे सोडते. त्यामुळे थाळीतील निष्कर्ष पिशवीतील पिकाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. १९८५ साली बम्पस व सहकाऱ्यांनी श्वेतकूज बुरशी डीडीटी व लिंडेनसारख्या चिवट रसायनांचे विघटन करते, हे दाखविले. पुढे १९९०च्या दशकात इस्रायलमधील संशोधकांनी धिंगरी गटातील बुरशी ॲट्राझिनचे रूपांतर करते, असे निदर्शनास आणले. परंतु रूपांतर म्हणजे निर्विषीकरण नव्हे. त्यातून निर्माण होणाऱ्या काही घटकांत क्लोरीन शिल्लक राहते. अळिंबी हे मानवी अन्न असल्याने हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

काडाच्या निर्जंतुकीकरणासाठी कार्बेन्डाझिम व फॉर्मेलिन वापरण्याची शिफारसही प्रचलित आहे. हे रसायन उत्पादक जाणीवपूर्वक व मोजून वापरतो. तणनाशकाचा अवशेष मात्र नकळत आणि मोजमापाविना येतो. काड विकत घेणाऱ्या भूमिहीन किंवा अल्पभूधारक उत्पादकाला ते कोणत्या शेतातले आहे, त्यावर केव्हा व काय फवारले, हे बहुधा ठाऊक नसते. उत्पादन घटले, तर दोष स्पॉनला किंवा हवामानाला दिला जातो.

निष्कर्ष

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेटला 'संभाव्य' आणि २,४-डीला 'शक्य' कर्ककारकांच्या गटात घातले. तेव्हापासून तणनाशकांची चर्चा मुख्यतः मानवी आरोग्याभोवती फिरत आहे. या इतिहासातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, काड हा टाकाऊ पदार्थ नसून पुढील पिकाचा कच्चा माल आहे. दुसरी, थाळीतील प्रयोगाला काडावरील उत्पादनाची व फळातील अवशेषांच्या तपासणीची जोड हवी. तिसरी, तणशास्त्र व अळिंबीशास्त्र यांनी काढणीनंतरच्या या टप्प्यावर एकत्र येणे अगत्याचे आहे. ऊस, गहू व सोयाबीन पिकविणाऱ्या अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना या कामासाठी प्रयोगक्षेत्र दूर शोधावे लागणार नाही. ते त्यांच्या परिसरातील शेतांतच उपलब्ध आहे.