माळवदाची माती आणि सदनिकेची वर्गणी

मुंबईहून सोलापुरास जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर हें स्थानक लागतें. या मुलखांतील जुनीं घरें माळवदाचीं. दगडामातीच्या भिंती, वर लांकडी तुळया, आणि त्यांवर मातीचा जाड थर. असें घर बांधून मोकळें होतां येत नसे. मृगाच्या आधीं माळवदावर चढावें, भेगा पाहाव्या, नवी माती पसरून चोपावी, हा दरसालचा नेम. एक वर्ष आळस झाला कीं पाणी मुरे, आणि जेथें टोपलीभर मातीनें भागलें असतें तेथें अख्खी तुळई बदलावी लागे. डागडुजीचा खर्च चुकत नाहीं, तो तुंबतो.

मुंबईंत एका छपराखालीं अनेक बिऱ्हाडें आलीं, तेव्हां हा नेम पाळावा कोणीं, हा प्रश्न पडला. १९१५ सालीं गावदेवींत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. तींत रहिवासी तेच मालक. म्हणून डागडुजीही त्यांचीच. चाळींचें तसें नव्हतें. १९४७ च्या कायद्यानें भाडीं बहुतांशीं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलीं. भाडेकरूस आसरा मिळाला हें खरें. पण गवंड्याची मजुरी गोठली नाहीं. मालकांनीं हात आखडला, इमारती खचूं लागल्या. अखेर १९६९ च्या कायद्यानें दुरुस्ती मंडळ नेमून उपकर बसविण्यांत आला. वाचविलेल्या मातीची किंमत पुढील पिढीनें भरली.

सदनिकांच्या संस्थांस आदर्श उपविधींनीं वाट घालून दिली आहे. बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंड व पाऊण टक्का दुरुस्तीनिधि दरसाल जमवावा. इमारत पंधरा वर्षांची झाल्यावर दर पांच वर्षांनीं, आणि तिशी ओलांडल्यावर दर तीन वर्षांनीं तिची तपासणी करावी. मात्र येथें एक मेख आहे. दहा लाखांत उभ्या राहिलेल्या इमारतीचा हा वांटा वर्षास दहा हजार. तीस वर्षांनंतरही हिशेब तोच आंकडा सांगतो. मध्यंतरीं लोखंड महागतें, मजुरी वाढते. लिफ्ट, नळ, गच्ची एकदमच थकतात. हा आंकडा किमान आहे, तो वाढविण्याचा अधिकार सभेस आहे. जेथें सभा वेळोवेळीं थोडें वाढवीत नाहीं, तेथें एके दिवशीं मोठी रक्कम मागण्याची पाळी येते, आणि ती निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्ध सभासदास सर्वांत जड जाते.

माळवदावर चढणाऱ्या शेतकऱ्यास उपविधि ठाऊक नव्हते. परंतु यंदाची माती यंदाच्या भावानें, यंदाच्या पावसाआधींच टाकावयाची असते, हें तो जाणून होता.