सम्राट पेंग्विनच्या अंड्याचा शोध

इसवी सन २००५ मध्ये फ्रान्समध्ये एक अनुबोधपट प्रकाशित झाला. त्यात नट नव्हते, नटी नव्हती. होता तो केवळ बर्फ, अंधार आणि पोटासाठी व पिलांसाठी मैलोन् मैल चालणारा एक पक्षी. ल्युक जाके यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट इंग्रजीत ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’ या नावाने जगभर गाजला आणि २००६ साली सर्वोत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर पारितोषिक त्यास मिळाले. दक्षिण ध्रुवखंडावरील सम्राट पेंग्विन आपले पिलू कसे वाढवितो हे प्रेक्षकांनी आरामखुर्चीत बसून दीड तासाच्या आत पाहिले. तथापि जे दृश्य इतक्या सुखाने डोळ्यांपुढे आले, ते माणसाला ज्ञात होण्यास अर्ध्या शतकाचा काळ लागला होता, आणि त्या ज्ञानाची किंमत काही माणसांनी फार मोठी मोजली होती.

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आलेले पेंग्विन अनेकांनी पाहिले असतील. ते हंबोल्ट जातीचे, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, आकाराने लहान पक्षी होत. सम्राट पेंग्विनचा संसार निराळा. उंची तीन ते चार फूट, वजन तीस-चाळीस किलो. आणि वीण ऐन ध्रुवीय हिवाळ्यात. घरटे नाही, काडी नाही, खडा नाही. समुद्र गोठून झालेल्या बर्फावर मादी मे-जूनमध्ये एकच अंडे घालते, ते नराच्या स्वाधीन करते आणि अन्नासाठी समुद्राची वाट धरते. नर ते अंडे पायांवर घेतो, पोटाखालच्या कातडीच्या घडीने झाकतो आणि सुमारे ६५ दिवस उबवितो. वसाहतीकडे निघाल्यापासून मादी परत येईपर्यंतचा त्याचा उपवास जवळजवळ चार महिन्यांचा होतो, आणि तेवढ्या काळात त्याचे वजन सुमारे दोन-पंचमांशाने घटते.

यांपैकी विसाव्या शतकाच्या आरंभी कोणासही काही ठाऊक नव्हते. जेम्स क्लार्क रॉस यांच्या १८३९ ते १८४३ च्या मोहिमेने आणलेल्या नमुन्यांवरून १८४४ साली या पक्ष्याचे शास्त्रीय नामकरण झाले होते. पण तो अंडी कोठे घालतो हे गूढच होते. ऑक्टोबर १९०२ मध्ये कॅप्टन स्कॉट यांच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेतील रेजिनाल्ड स्केल्टन यांना रॉस बेटाच्या पूर्व टोकाशी, केप क्रोझिअर येथे, पहिली वसाहत आढळली. आश्चर्य असे की, वसंत नुकताच लागला असताना तेथे पिले चांगली वाढलेली होती. मोहिमेतील डॉक्टर व प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी त्यावरून अनुमान काढले की, अंडी भर हिवाळ्यात, सूर्य उगवतच नाही अशा काळात घातली जात असली पाहिजेत.

या अनुमानाला त्या काळच्या एका सिद्धांताची जोड मिळाली. गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या अवस्थांतून जातो, असे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल यांचे मत होते. पेंग्विन हा अत्यंत आदिम पक्षी, असाही समज प्रचलित होता. तेव्हा त्याचा कोवळा गर्भ हाती आल्यास सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांमधला दुवा सापडेल, अशी विल्सन यांची आशा होती.

त्या आशेपायी २७ जून १९११ रोजी विल्सन, हेन्री बॉवर्स आणि पंचवीस वर्षांचा अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे केप एव्हान्सहून निघाले. अंतर अवघे ६७ मैल. ते तोडावयास १९ दिवस लागले. पारा उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. घामाने भिजलेले कपडे अंगावरच गोठून पत्र्यासारखे ताठ होत. चेरी-गॅरार्ड यांची दृष्टी अधू. पण त्या थंडीत चष्मा लावता येत नसे. अखेर चंद्रप्रकाशाच्या काळातही ढगाळलेल्या संधिप्रकाशात ते वसाहतीशी पोहोचले, तेव्हा पूर्वी दोन हजारांच्या घरात पक्षी दिसले होते तेथे शंभराच्या आसपासच उरले होते. त्यांनी पाच अंडी घेतली. दोन वाटेत फुटली.

दोन दिवसांनी वादळ उठले. तंबू उडून गेला. मागोमाग दगडी झोपडीवरचे कापडी छप्पर फाटून गेले आणि तिघे झोपण्याच्या पिशव्यांत, अंगावर बर्फ घेत, पडून राहिले. वादळ ओसरल्यावर तो तंबू काही अंतरावर उतारावर जवळजवळ अभंग सापडला. तो सापडला नसता तर तिघांपैकी एकही परतता ना. १ ऑगस्ट रोजी ते तीन अंडी घेऊन तळावर आले. पुढे मार्च १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना विल्सन आणि बॉवर्स स्कॉटसह मृत्युमुखी पडले. ती अंडी १९१३ साली लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या हवाली करण्याचे काम एकट्या चेरी-गॅरार्ड यांच्या वाट्यास आले. आणि तेथे झालेले थंडे स्वागत त्यांनी १९२२ सालच्या आपल्या ग्रंथात कडवटपणे नोंदविले आहे.

गर्भांचा अहवाल १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ज्ञानात फारशी भर पडली नाही, असा निष्कर्ष निघाला. हेकेलचा सिद्धांत तोवर मागे पडला होता. पेंग्विन आदिम नव्हे, तर उडणाऱ्या पूर्वजांपासून झालेला पक्षी आहे, हेही आता निश्चित झाले आहे. ज्या प्रश्नासाठी तिघांनी प्राण पणाला लावले तो प्रश्नच चुकीचा होता. पण जाता जाता त्यांनी एक गोष्ट पाहिली होती: ज्या पक्ष्यांपाशी अंडे नव्हते, ते बर्फाचे गोळेच पायांवर घेऊन उबवीत उभे होते. अंड्याच्या पोटातील रहस्याहून अंडे सांभाळणारा पक्षीच अधिक मोठे रहस्य होता.

ते उलगडण्याचे श्रेय फ्रेंचांकडे जाते. जानेवारी १९५२ मध्ये अ‍ॅडेली भूमीवरील त्यांचा पोर्ट मार्टिन हा तळ आगीत भस्मसात झाला. त्या हिवाळ्यात मारियो मारे यांच्या नेतृत्वाखाली सात माणसे पेट्रेल बेटावरील लहानशा निवाऱ्यात राहिली. सम्राट पेंग्विनची वसाहत तेथून हाकेच्या अंतरावर होती. प्राणिशास्त्रज्ञ झाँ प्रेव्हो आणि डॉक्टर झाँ रिव्होलिए यांनी आगमनापासून पिले समुद्रात शिरेपर्यंतचा संपूर्ण क्रम प्रथमच पाहिला. अंडे नरच उबवितो. हजारो नर एकमेकांस खेटून वादळ सोसतात. मादीस उशीर झाला तर उपाशी बाप आपल्या अन्ननलिकेतून दुधासारखा स्राव काढून पिलास भरवितो, हे सारे तेथील निरीक्षणांतून आणि पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. जाके यांचा चित्रपट याच वसाहतीत चित्रित झाला आहे.

चित्रपटाने या कथेस प्रेमकथेचे रूप दिले. वस्तुतः बहुतेक सम्राट पेंग्विन पुढल्या वर्षी नवा जोडीदार निवडतात. त्यांची निष्ठा त्या एका हिवाळ्यापुरती आणि त्या एका पिलापुरती असते. पण त्यामुळे तिचे मोल उणे होत नाही.

वर्षानुवर्षे चाललेल्या मोजणीचा उपयोग पुढे दिसून आला. १९७० नंतरच्या दशकात या वसाहतीची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली, हे मागील नोंदी होत्या म्हणूनच कळले. आता उपग्रहांच्या छायाचित्रांत विष्ठेच्या तपकिरी डागांवरून वसाहती हुडकल्या जातात. त्याच छायाचित्रांत असेही दिसले की, हॅली उपसागरातील विस्तीर्ण वसाहतीत २०१६ पासून सलग तीन वर्षे वीण जवळजवळ संपूर्ण फसली. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रातील पाचांपैकी चार वसाहतींत तसेच घडले. कारण साधे आहे. पिलाची लव झडून जलरोधक पिसे येण्यास डिसेंबर उजाडतो. पायाखालचा बर्फ त्याआधी फुटला तर ते बुडते किंवा गारठून मरते. उणे साठ अंशांच्या थंडीशी झुंजण्याची विद्या त्या बापापाशी आहे. वितळणाऱ्या बर्फावर तिचा काही उपाय चालत नाही. विल्सन आणि त्यांचे सोबती ज्या थंडीतून अंडी घेऊन परतले, ती थंडीच या पक्ष्याचे घर होती, हे समजावयास शंभर वर्षे लागली. ते घर टिकविणे मात्र पक्ष्याच्या हाती नाही. ते माणसाच्या हाती आहे.