परळच्या कामगार-संस्था आणि मनाचें स्वास्थ्य

कापूस पिकतो एकीकडे आणि त्याचें वस्त्र होतें दुसरीकडे. निजामाच्या अमलांत असतांना हिंगोलीची पेठ कापसाच्या व्यापारासाठीं नावाजलेली होती. आणि तेथील शेतकऱ्याच्या मनाचें स्वास्थ्य पाऊस, सावकार व बाजारभाव या तिघांच्या हातीं असे. मुलखोमुलखींचा असा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जाऊन पडे. तेथें त्याचें सूत काढणाऱ्या माणसाच्या मनाचें स्वास्थ्य कोणाच्या हातीं होतें, आणि तें राखण्यासाठीं कोणीं काय केलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हल्लीं मोठमोठ्या कंपन्या आपल्या नोकरांच्या मनःस्वास्थ्यासाठीं एकाद्या सेवाभावी संस्थेशीं करार करितात, समुपदेशक नेमतात, दूरध्वनीवरून सल्ला घेण्याची सोय करून देतात. हा उपक्रम परदेशांतून नुकताच आलेला आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु मालकानें पैसा द्यावा आणि लोकसेवेस वाहून घेतलेल्या संस्थेनें माणसें द्यावींत, हा प्रयोग आपल्याच मुंबईंत परळ भागांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं होऊन गेलेला आहे. तो कोठपर्यंत पोंचला व कोठें अडला हें पाहण्यासारखें आहे. कारण तो जेथें अडला तेथेंच आजचाही प्रयत्न अडण्याचा संभव दिसतो.

त्या काळच्या गिरणी-कामगाराची स्थिति थोडक्यांत सांगितली पाहिजे. तो बहुधा रत्नागिरीकडचा किंवा साताऱ्याच्या बाजूचा. बायको-मुलें गांवीं, आणि स्वतः एकाच खोलींत आठ-दहा गांवकऱ्यांसह राहणारा, खानावळींत जेवणारा. १९११ च्या कारखाने-कायद्यानें कापड-गिरण्यांतील पुरुषांचे कामाचे तास दिवसाला बारांवर आणले, यावरून पूर्वीं ते किती असत याचा तर्क करावा. आणि ज्याला कायमचें काम नाहीं तो ‘बदली’. त्यानें रोज पहांटे फाटकाशीं उभें राहावें आणि आज आपणांस आंत घेतात कीं नाहीं हें जॉबरच्या तोंडाकडे पाहून ओळखावें. त्या कृपेसाठीं दस्तुरी द्यावी लागे ती निराळीच. ‘मानसिक ताण’ हा शब्द त्या वेळीं कोणाच्या ओठीं नव्हता. लोक दारूविषयीं बोलत, कर्जाविषयीं बोलत. परंतु दारू आणि कर्ज हीं पुष्कळदां मनाच्या दुखण्याचींच बाहेर दिसणारीं लक्षणें होतीं, असें आम्हांस वाटतें.

या लोकांच्या विसाव्याचा प्रश्न प्रथम हातीं घेतला तो कै. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. आठवड्याची सुटी गिरणीमालकांनीं १८९० सालीं मान्य केली ती त्यांच्याच खटपटीनें. मनाला विसावा देणारी याहून मोठी देणगी मुंबईच्या कामगाराला पुढें क्वचितच मिळाली असेल. आणि ती कोणाच्या दानधर्मांतून नव्हे, तर मागणी करून मिळाली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

कै. नारायण मल्हार जोशी हे शिक्षकी सोडून १९०९ सालीं नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजांत आले, आणि दोन वर्षांनीं त्यांनीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रीच्या शाळा, फिरतीं वाचनालयें, दवाखाने असें या संस्थेचें काम होतें. १९१८ च्या सुमारास टाटा आणि करीमभाई इब्राहीम या दोन मोठ्या पेढ्यांनीं आपल्या गिरण्यांतील लोकांसाठीं कामगार-संस्था काढल्या आणि त्या चालविण्याचें काम लीगकडे सोंपविलें. खर्च पेढीचा, व्यवस्था लीगची, असा हा करार होता.

मालकांना ही बुद्धि कां झाली? केवळ भूतदयेनें झाली असें म्हणणें भाबडेपणाचें होईल, आणि केवळ स्वार्थानें झाली असें म्हणणें अन्यायाचें. १८९६ च्या प्लेगांत मजूर शहर सोडून पळाले तेव्हां मनुष्यबळ ही न आटणारी विहीर नव्हे हें मालकांना कळून चुकलें होतें. महायुद्धानें महागाई भडकली होती, १९१८ च्या इन्फ्लुएंझानें घरेंच्या घरें बसविलीं होतीं. ज्याचें चित्त ठिकाणावर नाहीं तो मागावर नीट उभा राहत नाहीं, हें समजण्यास फार शास्त्र लागत नाहीं.

या संस्थांतून वाचनालय होतें, रात्रीचे वर्ग होते, व्यायामशाळा होती, जादूच्या कंदिलाचीं व्याख्यानें होत, सहकारी पतपेढ्या व दवाखाने होते. या यादीकडे पाहून कोणी हसेल, कीं वर्तमानपत्र आणि मल्लखांब यांनीं का मनाचीं दुखणीं बरीं होतात! परंतु बारा तास यंत्राच्या घरघरीपुढें उभें राहून आल्यावर ज्याला बसण्यास स्वतःची चटईभर जागा नाहीं, त्याला दिव्याच्या उजेडांत चार माणसांत बसावयास मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. गांवाहून आलेलें पत्र कोणाकडून तरी वाचवून घेणारा माणूस तें स्वतः वाचूं लागला, म्हणजे घरची गोष्ट घरांतच राहते. आणि पतपेढीनें पठाणाचें व्याज चुकविलें, तर त्या रात्रीची झोंप कोणत्याही औषधाहून खरी. आमच्या मतें या साऱ्या खटाटोपांत पतपेढी हीच सर्वांत मोठी वैद्य होती.

नागपूरच्या एम्प्रेस मिलनेंही पुढें असाच मार्ग धरून कामगारवस्त्यांतील कल्याणकार्य वाय. एम. सी. ए. या संस्थेकडे दिलें. तेव्हां परळचा प्रयोग अगदींच एकाकी नव्हता.

आतां तो अडला कोठें तें पाहूं. १९१९ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांत लाखाहून अधिक कामगारांचा संप झाला. १९२५ सालीं मालकांनीं मजुरींत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, तेव्हां पुनः गिरण्या बंद पडल्या. आणि १९२८ चा संप तर सुमारें सहा महिने चालला. ज्या मालकवर्गानें वाचनालय दिलें त्यानेंच पगार कापला, अशा वेळीं वाचनालयांत बसून मन शांत कसें राहावें? आणि जो सेवक मालकाच्या पैशानें नेमलेला आहे त्याच्यापाशीं कामगारानें मालकाविषयींचें दुःख कोणत्या विश्वासानें सांगावें? ही अडचण सेवकाच्या सचोटीची नव्हती. जोशांच्या सचोटीविषयीं त्यांच्या विरोधकांनींही शंका घेतली नसती. अडचण त्या रचनेंतच होती.

ती जोशांना इतरांच्या आधीं उमगली असें त्यांच्या चरित्रक्रमावरून दिसतें. १९१९ सालीं ते वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून गेले. १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेंत त्यांनीं पुढाकार घेतला. आणि १९२६ सालीं मुंबईंत गिरणी-कामगारांची युनियन निघाली तिचे ते अध्यक्ष झाले. लीगचें काम त्यांनीं टाकून दिलें नाहीं. परंतु दिवा लावणारा हात आणि पगाराविषयीं बोलणारें तोंड हीं निरनिराळीं असावीं लागतात, एवढें त्यांनीं ओळखलें. मवाळ म्हणून ज्यांची पुढें थट्टा झाली त्या गृहस्थाचें हें पाऊल आम्हांस पुष्कळ जहालांच्या भाषणांपेक्षां अधिक धीट वाटतें.

बदली कामगाराची पहांटेची ती धास्ती वाचनालयानें गेली नाहीं. १९३४ च्या कायद्यानें कामाचे तास दिवसाला दहांवर आले. १९३५ सालीं गिरणीमालक संघानें बदल्यांची नोंद ठेवून त्यांना क्रमानें काम देण्याची पद्धत सुरू केली, आणि जॉबरच्या मर्जीला थोडासा आळा बसला. पद्धत निर्दोष नव्हती. तथापि उद्यां आपणांस काम आहे कीं नाहीं, या एका प्रश्नाचें उत्तर नियमानें मिळूं लागणें हा मनावरील उपचारच होय. मात्र तो गिरणीच्या फाटकांत झाला, फाटकाबाहेर नव्हे.

टाटांच्या विश्वस्त निधींतून १९३६ सालीं मुंबईंत समाजकार्याचें शिक्षण देणारी शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिनें २०१२ सालीं ‘आयकॉल’ नांवाची दूरध्वनीवरील समुपदेशन-सेवा सुरू केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रुग्णाची माहिती गुप्त राखणें हा त्याचा हक्क ठरविला. परळच्या सेवकापाशीं नसलेलें एक हत्यार आजच्या समुपदेशकाला त्यामुळें मिळालें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं कामाच्या ठिकाणच्या मनःस्वास्थ्याविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. औदासीन्य व चिंता या विकारांमुळें जगांत दरवर्षीं सुमारें १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात असा तिचा अंदाज आहे. आणि या तत्त्वांत व्यक्तीला धीर देण्याच्या उपायांबरोबरच कामाचा भार, वेळा व रचना बदलण्याचे उपायही सांगितले आहेत. आजचे पुष्कळ करार मात्र पहिल्या उपायापाशींच थांबतात. समुपदेशक नेमणें स्वस्त पडतें. कामाच्या वेळा बदलणें महाग पडतें.

आणि जेथें मालकच दिसत नाहीं तेथें करार कोणीं करावयाचा? हिंगोलीच्या मोंढ्यांतला हमाल दिवसभरांत अनेक आडत्यांचीं पोतीं वाहतो; मराठवाड्याचा ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलतो, आणि त्याच्या मालकाचें नांव विचारलें तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो व मुकादम कारखान्याकडे. परळचा जॉबर गेला, पण त्याचा हा चुलतभाऊ अद्याप आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न तीव्र झाल्यावर राज्य सरकारनें २०१५ सालीं मराठवाडा व विदर्भ मिळून १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यांत हिंगोलीही आहे. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन विचारपूस करिते, झोंप येते कीं नाहीं, जेवण जातें कीं नाहीं. आणि जरूर दिसल्यास माणसाला जिल्हा रुग्णालयाकडे पाठविते. उचल किती घेतली आणि ती फिटणार कधीं, या प्रश्नाचें उत्तर तिच्या हातीं नाहीं.